ओक्लाहोमा स्टेट फुटबॉलचे वैयक्तिक विक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघायला लागलेल्या माणसाला नियम महिन्याभरात उमगतात, पण आकडे कळायला वेळ लागतो. एकाच खेळाडूच्या एकाच हंगामाचे दोन आकडे दिसतात आणि दोन्ही खरे असतात. हे कसं होतं ते एकाच संघाच्या नोंदी घेऊन सांगितलं तर चांगलं कळतं, म्हणून इथे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा संघ घेतला आहे. या खेळातला माझ्या मते सर्वात थोर हंगाम याच संघाच्या खेळाडूचा आहे, हे दुसरं कारण.

हे विद्यापीठ कुठलं? ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट एकच का?

नाही, ही दोन वेगळी विद्यापीठं आहेत आणि मैदानावर एकमेकांची जुनी वैरी आहेत. ओक्लाहोमा स्टेट स्टिलवॉटर या गावात आहे. १९५७ पर्यंत त्याचं नाव ओक्लाहोमा ए अँड एम होतं, त्यामुळे जुन्या नोंदींत ते नाव दिसलं तर गोंधळू नका. संघ आधी बिग एट परिषदेत (परिषद म्हणजे आपसात नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) होता, १९९६ पासून बिग ट्वेल्व्हमध्ये आहे. त्यांचं मैदान म्हणजे बून पिकन्स स्टेडियम.

वैयक्तिक विक्रम म्हणजे नेमके कोणते?

एका सामन्याचा, एका हंगामाचा आणि पूर्ण कॉलेज कारकिर्दीचा, असे तीन. हे तिन्ही विद्यापीठाच्या, परिषदेच्या आणि देशाच्या पातळीवर वेगवेगळे ठेवले जातात. देशपातळीच्या नोंदी एनसीएए ही संस्था ठेवते आणि तिच्या अधिकृत नोंदी १९३७ पासूनच्या आहेत. एखादा आकडा विद्यापीठात पहिला आणि देशात चाळिसावा असू शकतो. म्हणून ‘विक्रम’ शब्द दिसला की कुठल्या पातळीवरचा, हे आधी बघावं.

यार्ड कसे मोजतात?

चेंडू जिथून खेळायला सुरुवात झाली त्या रेषेपासून खेळाडूला जिथे पाडलं तिथपर्यंत. नोंद पूर्ण यार्डातच होते, अर्धा-पाव यार्ड लिहीत नाहीत. गोलरेषेपासून वीतभर अंतरावरून चेंडू आत नेला तरी तो एक यार्डाचा टचडाउन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण).

पासचे यार्डही त्याच सुरुवातीच्या रेषेपासून मोजतात. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, दहा यार्ड मागे गेला आणि तिथून त्यानं चेंडू फेकला, तर ते दहा यार्ड कुणाच्याच खात्यात जात नाहीत. उलट रिसीव्हरनं झेल घेऊन पुढे साठ यार्ड पळ काढला, तर ते साठही क्वार्टरबॅकच्या पासिंगमध्ये जमा होतात. लांब पासचा मोठा आकडा दिसला की फेक किती आणि पळ किती हे आकड्यावरून कळत नाही, हे लक्षात असू द्या.

किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करताना प्रतिस्पर्ध्यानं लाथेनं मारलेला चेंडू, परत आणताना खेळाडू गोलरेषेच्या कितीही मागून निघाला तरी कॉलेजच्या नोंदीत १०० यार्डांच्या वर काही धरत नाहीत.

या संघाचा सर्वात मोठा विक्रम कोणता?

१९८८ च्या हंगामात रनिंग बॅक (मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) बॅरी सँडर्सनं चेंडू घेऊन धावत काढलेले २,६२८ यार्ड. एका हंगामातला हा राष्ट्रीय विक्रम आजही अबाधित आहे.

बेरीज वाचून या हंगामाचा आवाका कळत नाही, म्हणून सामन्यागणिक आकडे देतो. मायमी ऑफ ओहायोविरुद्ध १७८, टेक्सस ए अँड एमविरुद्ध १५७, टल्साविरुद्ध ३०४, कोलोराडोविरुद्ध १७४, नेब्रास्काविरुद्ध १८९, मिसूरीविरुद्ध १५४, कॅन्सस स्टेटविरुद्ध ३२०, ओक्लाहोमाविरुद्ध २१५, कॅन्ससविरुद्ध ३१२, आयोवा स्टेटविरुद्ध २९३ आणि टेक्सस टेकविरुद्ध ३३२. वहीत मांडून बेरीज करा, बरोबर २,६२८ येते.

आता या रांगेतला सर्वात लहान आकडा शोधा. तो आहे १५४. एका सामन्यात १०० यार्ड झाले की रनिंग बॅकचा दिवस चांगला गेला असं मानतात. सँडर्सचा सर्वात वाईट दिवस त्याच्याही दीडपट होता. चार सामन्यांत त्यानं ३०० ची रेषा ओलांडली. ज्या दोन सामन्यांत संघ हरला त्या दोन्हींत, म्हणजे नेब्रास्का आणि ओक्लाहोमाविरुद्ध, तो १८९ आणि २१५ यार्ड धावला. म्हणजे दुबळ्या संघांवर हात धुऊन घेतले असंही म्हणता येत नाही.

सरासरी काढली तर दर सामन्याला २३८.९ यार्ड. ३४४ वेळा चेंडू हातात आला, म्हणजे दर वेळी साडेसात यार्डांहून जास्त. चेंडू आपल्याकडे राखायला संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावं लागतं. हा माणूस एका प्रयत्नात त्यातला तीन चतुर्थांश रस्ता कापत होता, आणि समोरच्या अकराही जणांना चेंडू कुणाकडे जाणार हे माहीत होतं.

टेक्सस टेकविरुद्धचा शेवटचा सामना टोकियोत झाला. जपानमध्ये खेळला गेला तरी तो नियमित हंगामातलाच सामना होता, म्हणून त्याचे ३३२ यार्ड बेरजेत आहेत. त्या दिवशी सँडर्सनं ४४ वेळा चेंडू नेला आणि संघ ४५-४२ असा जिंकला. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी त्याला जाहीर झाली तेव्हाही तो टोकियोतच होता.

मग काही ठिकाणी २,८५० यार्ड असं का दिलेलं असतं?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि कॉलेज फुटबॉलच्या विक्रमांची गुरुकिल्लीही यातच आहे.

नियमित हंगाम संपल्यावर निवडक संघांना एका मोठ्या सामन्याचं निमंत्रण मिळतं. त्याला बोल गेम म्हणतात. ओक्लाहोमा स्टेटला त्या वर्षी हॉलिडे बोलचं निमंत्रण होतं. ३० डिसेंबर १९८८ रोजी त्यांनी वायोमिंगला ६२-१४ असं लोळवलं आणि सँडर्सनं २२२ यार्ड व ५ टचडाउन केले. २,६२८ आणि २२२ मिळून २,८५० होतात.

पण त्या काळी एनसीएए बोल गेमचे आकडे हंगामाच्या बेरजेत धरत नसे. त्याला प्रदर्शनी सामन्यासारखं मानलं जाई. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यातल्या धावा हंगामाच्या धावांत मोजल्याच नाहीत तर कसं वाटेल, तसाच हा प्रकार. २००२ च्या हंगामापासून नियम बदलला आणि बोल गेमही जमेस धरायला सुरुवात झाली. बदल पुढच्या हंगामांना लागू झाला, मागच्यांना नाही. त्यामुळे सँडर्सचे २२२ यार्ड आजही अधिकृत विक्रमाच्या बाहेरच आहेत.

मला हे पटत नाही. सामना झाला, पंच होते, नोंदणारे होते, सामन्याचा तक्ता आजही उपलब्ध आहे. मागचे आकडे जोडायला अडचण काय? सगळ्या जुन्या बोल गेमच्या विश्वासार्ह नोंदी मिळणार नाहीत म्हणून बदल मागे नेत नाहीत, असा युक्तिवाद होतो. मग निदान विक्रमांच्या यादीत शेजारी दुसरा रकाना द्यावा आणि बोलसह आकडा छापावा. सध्या वाचकाला दोन काळांतले आकडे एकाच मापानं मोजल्यासारखे दिसतात, आणि ते तसे नाहीत.

२०२४ मध्ये हा विक्रम मोडला ना?

नाही, थोडक्यात राहिला. बॉयझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी त्या वर्षी अफाट खेळला. १३ सामन्यांनंतर त्याचे २,४९७ यार्ड झाले होते आणि विक्रमाशी बरोबरी करायला १३१ हवे होते. ३१ डिसेंबरला फिएस्टा बोलमध्ये पेन स्टेटनं त्याला ३० प्रयत्नांत १०४ यार्डांवर रोखलं. एकूण झाले २,६०१, म्हणजे २७ यार्ड कमी.

जेंटीचे १४ सामने, ३७४ प्रयत्न, दर सामन्याला सुमारे १८६ यार्ड. सँडर्सचे ११ सामने, ३४४ प्रयत्न, दर सामन्याला २३९. जेंटीच्या बेरजेत फिएस्टा बोल धरलेला आहे, सँडर्सच्या बेरजेत हॉलिडे बोल नाही. जेंटीला आणखी ३० यार्ड मिळाले असते तर नाव त्याचं लागलं असतं आणि ते नियमानुसारच असतं. पण जेंटीनं २,६०१ यार्ड केले हे मोठंच आहे आणि त्याचं कौतुक करताना सँडर्सला लहान करायची गरज पडत नाही.

विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन २०१४ मध्ये असाच जवळ आला होता. त्याचे २,५८७ यार्ड झाले, तेही १४ सामन्यांत.

टचडाउन ३७ की ३९?

दोन्ही बरोबर. ३७ टचडाउन धावून, एक किकऑफ परत आणून आणि एक पंट (प्रयत्न संपत आले म्हणून प्रतिस्पर्ध्यानं लाथेनं लांब मारलेला चेंडू) परत आणून. एका टचडाउनचे ६ गुण, म्हणून ३९ गुणिले ६ बरोबर २३४ गुण. किकऑफचा टचडाउन हंगामाच्या पहिल्याच सामन्यातला, मायमी ऑफ ओहायोविरुद्ध १०० यार्ड धावून.

एकूण ३९ ची बरोबरी २०११ मध्ये विस्कॉन्सिनच्या माँटी बॉलनं केली, १४ सामन्यांत. धावून ३७ चा विक्रम मात्र अजून कुणाला गाठता आलेला नाही.

३,२५० हा आकडा कशाचा?

त्याला ऑल-पर्पज यार्ड म्हणतात. चेंडू हातात घेऊन खेळाडू कुठल्याही मार्गानं जितका पुढे गेला त्याची ही बेरीज असते. सँडर्सचे धावून २,६२८, झेल घेऊन १०६, पंट परत आणताना ९५ आणि किकऑफ परत आणताना ४२१.

हा विक्रम २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मॅककॅफ्रीनं मोडला. त्याचे ३,८६४ यार्ड झाले, १४ सामन्यांत. दर सामन्याची सरासरी काढली तर मॅककॅफ्री २७६ वर येतो आणि सँडर्स २९५ च्या पुढे राहतो.

इतकं सगळं असून कारकिर्दीचा विक्रम सँडर्सकडे का नाही?

कारण मुख्य रनिंग बॅक म्हणून तो एकच हंगाम खेळला. आधीची दोन वर्षं तो थर्मन थॉमसच्या मागे राखीव होता. १९८६ मध्ये ३२५ यार्ड, १९८७ मध्ये ६०३ आणि मग एकदम २,६२८. तिन्ही मिळून ३,५५६. थॉमस १९८४ पासून १९८७ पर्यंत खेळला आणि ४,५९५ यार्डांवर थांबला. एकाच संघात एकाच वेळी असे दोघे होते, आणि दोघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. १९८७ मध्ये सँडर्स राखीव असूनही किकऑफ परत आणण्याच्या सरासरीत देशात पहिला होता, म्हणजे चुणूक दिसलेलीच होती.

चौथं वर्षही तो खेळू शकला असता. पण १९८९ च्या जानेवारीत एनसीएएनं विद्यापीठावर खेळाडूभरतीतल्या गैरप्रकारांबद्दल निर्बंध लादले आणि सँडर्स व्यावसायिक फुटबॉलकडे वळला. व्यावसायिक संघांच्या त्या वर्षीच्या खेळाडूनिवडीत डेट्रॉइट लायन्सनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं.

निर्बंध आले तर विक्रम पुसले जातात का?

आपोआप नाही. शिक्षा काय दिली त्यावर ते ठरतं. ओक्लाहोमा स्टेटला बोल गेम आणि टीव्ही प्रक्षेपणाची बंदी झाली, पण १९८८ चे आकडे कायम राहिले. एखाद्या खेळाडूला मागाहून अपात्र ठरवलं तर गोष्ट वेगळी. यूएससीच्या (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या) रेजी बुशला २०१० मध्ये हाइसमन सोडावी लागली आणि संघाचे त्या काळातले विजय रद्द झाले. ती ट्रॉफी त्याला २०२४ मध्ये परत मिळाली.

सँडर्सच्या आधी आणि नंतर धावण्यात कोण?

आधीचं पहिलं नाव अर्नेस्ट अँडरसनचं. १९८२ मध्ये १,८७७ यार्ड करून तो देशात पहिला आला, तेही हर्शल वॉकर मैदानात असताना. वॉकरला त्या वर्षी हाइसमन मिळाली, त्यामुळे अँडरसनची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. काढायला हवी.

नंतरचा मोठा हंगाम चुबा हबर्डचा. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातून आलेल्या या मुलानं २०१९ मध्ये २,०९४ यार्ड केले आणि देशात पहिला आला. बोल गेमचा फरक इथेही बघा. टेक्सस बोलमधले १५८ यार्ड काढले तर १,९३६ उरतात. म्हणजे जुन्या नियमानं तो दोन हजारांच्या आतच राहिला असता. २०२३ मध्ये ऑली गॉर्डननं १,७३२ यार्ड करून सर्वोत्तम रनिंग बॅकसाठीचा डोक वॉकर पुरस्कार मिळवला.

पासिंगचे विक्रम कोणाचे?

मेसन रुडॉल्फचे. २०१४ ते २०१७ या चार हंगामांत १३,६१८ यार्ड आणि ९२ टचडाउन पास. वर्षागणिक बघितलं तर ८५३, ३,७७०, ४,०९१ आणि ४,९०४. पहिल्या वर्षी तो अगदी शेवटचे काही सामने खेळला. शेवटच्या वर्षीचे ४,९०४ हा विद्यापीठाचा हंगामी विक्रम, आणि त्या वर्षी देशातही तेच सर्वाधिक होते.

त्याआधीचा मानकरी ब्रँडन वीडन, २०११ मध्ये ४,७२७ यार्ड आणि ३७ टचडाउन पास. वीडन आधी व्यावसायिक बेसबॉलमध्ये नशीब आजमावून मग कॉलेजात आला होता, त्यामुळे शेवटच्या हंगामात तो अठ्ठावीस वर्षांचा होता. स्टॅनफर्डला जादा वेळेत ४१-३८ असं हरवलेल्या फिएस्टा बोलमध्ये त्यानं ३९९ यार्ड फेकले. जादा वेळेतले वैयक्तिक आकडेही कॉलेजच्या नोंदीत धरले जातात, हेही इथे सांगून ठेवतो.

१९८८ च्या संघाचा क्वार्टरबॅक माइक गंडी होता. सँडर्सच्या हातात चेंडू देणारा तोच. २००५ ते २०२५ या काळात तोच इथे मुख्य प्रशिक्षक होता, म्हणजे वीडन, रुडॉल्फ आणि हबर्ड तिघेही त्याच्याच हाताखाली खेळले.

क्वार्टरबॅकचं रेटिंग १७० कसं येतं? टीव्हीवर तर ते १५८.३ च्या वर जात नाही म्हणतात.

रेटिंग म्हणजे पासिंगची कामगिरी एका आकड्यात मांडणारं माप. १५८.३ ची मर्यादा व्यावसायिक फुटबॉलच्या सूत्राची. कॉलेजचं सूत्र वेगळं आहे. यार्ड गुणिले ८.४, टचडाउन पास गुणिले ३३०, पूर्ण झालेले पास गुणिले १००. या तिन्हींच्या बेरजेतून प्रतिस्पर्ध्यानं पकडलेले पास गुणिले २०० वजा करायचे आणि एकूण पासांच्या संख्येनं भागायचं.

रुडॉल्फचं २०१७ घेऊ. ४८९ पास, त्यांतले ३१८ पूर्ण, ४,९०४ यार्ड, ३७ टचडाउन, ९ पास प्रतिस्पर्ध्याकडे. यार्डांचे ४१,१९३.६, टचडाउनचे १२,२१०, पूर्ण पासांचे ३१,८०० आणि वजा १,८००. बेरीज ८३,४०३.६. तिला ४८९ नं भागलं की १७०.६ येतं. कॉलेजचं रेटिंग आणि व्यावसायिक रेटिंग शेजारी ठेवून तुलना कधीही करू नका, दोघांचा संबंध नाही.

काही क्वार्टरबॅकच्या नावावर धावण्याचे यार्ड उणे का दिसतात?

क्वार्टरबॅकला पास टाकायच्या आधीच पाडलं तर त्याला सॅक म्हणतात. त्यात गमावलेले यार्ड कॉलेजमध्ये क्वार्टरबॅकच्याच धावण्यातून वजा होतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये ते संघाच्या पासिंगमधून जातात. म्हणून कॉलेजचा उत्तम क्वार्टरबॅकही हंगामाअखेर धावण्यात उणे असू शकतो, आणि याच नियमामुळे धावणाऱ्या क्वार्टरबॅकचे कॉलेजमधले आकडे प्रत्यक्षाहून कमी दिसतात.

झेल घेणाऱ्यांत सर्वात मोठा कोण?

इथे वाद आहे आणि तो गोड आहे. यार्डांत जेम्स वॉशिंग्टन पहिला, ४,४७२. राशॉन वूड्स दुसरा, ४,४१४. फरक फक्त ५८ यार्डांचा. वॉशिंग्टननं हा विक्रम कारकिर्दीच्या अखेरच्या सामन्यात, २८ डिसेंबर २०१७ च्या कॅम्पिंग वर्ल्ड बोलमध्ये व्हर्जिनिया टेकविरुद्ध १२६ यार्ड करून मोडला. बोल गेम धरले नसते तर त्या दिवशी विक्रम झालाच नसता. पण वूड्सवर अन्याय झाला असंही नाही, कारण त्याच्या पहिल्या दोन हंगामांत संघ बोल गेमला पोचलाच नव्हता आणि पुढचे दोन हंगाम नव्या नियमातले. दोघांना एकच माप लागलं. अशी सरळ तुलना कॉलेज फुटबॉलमध्ये क्वचित मिळते.

झेल आणि टचडाउन यांत वूड्स पुढे आहे. त्याचे २९३ झेल आणि ४२ टचडाउन, वॉशिंग्टनचे २२६ झेल आणि ३९ टचडाउन. कमी झेलांत जास्त यार्ड म्हणजे वॉशिंग्टन लांब पल्ल्याचा खेळाडू, हे आकड्यांतून स्वच्छ दिसतं.

वूड्सचा आणखी एक विक्रम राष्ट्रीय पातळीवरचा आहे. २० सप्टेंबर २००३ रोजी एसएमयूविरुद्ध (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाविरुद्ध) त्यानं एकाच सामन्यात ७ टचडाउन झेलले. सातही पास जॉश फील्ड्सचे. हा फील्ड्स पुढे बेसबॉल खेळला.

तिसरं नाव जस्टिन ब्लॅकमनचं. २०१० मध्ये १२ सामने, १११ झेल, १,७८२ यार्ड, २० टचडाउन. त्या बाराही सामन्यांत त्याचे यार्ड शंभराच्या वर होते. सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेट्निकॉफ पुरस्कार त्याला २०१० आणि २०११ असा लागोपाठ मिळाला. एका हंगामाची गोष्ट असेल तर मी ब्लॅकमनचं नाव घेईन, कारकिर्दीची असेल तर वूड्सचं.

बचावपटूंचे जुने विक्रम का सापडत नाहीत?

एनसीएएनं बचावाची वैयक्तिक आकडेवारी अधिकृतपणे ठेवायला सुरुवात केली २००० साली. त्याआधीचे सॅक आणि टॅकल (चेंडू नेणाऱ्याला धरून पाडणं) विद्यापीठांनी आपापल्या पद्धतीनं मोजलेले आहेत. १९८२ ते १९८५ या काळात खेळलेल्या लेस्ली ओनीलचे ३४ सॅक ओक्लाहोमा स्टेटच्या नोंदीत आहेत, पण राष्ट्रीय यादीत तुम्हाला तो त्या जागी दिसणार नाही. ज्यानं पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्येही क्वार्टरबॅकांची झोप उडवली, त्याचं काम नियमाच्या तारखेमुळे यादीबाहेर राहावं, हे मला आजही खटकतं.

टॅकलच्या बाबतीत आणखी एक अडचण. एका खेळाडूला दोघांनी मिळून पाडलं तर श्रेय कुणाला द्यायचं, हे वर बसलेला नोंदकर्ता बघून ठरवतो. एक जण सढळ हातानं देतो, दुसरा आखडता हात घेतो. म्हणून टॅकलच्या आकड्यांवर मी यार्डांइतका भरवसा ठेवत नाही.

सँडर्सच्याही आधीच्या काळातलं कुणी?

बॉब फेनिमोर. ओक्लाहोमा ए अँड एमसाठी खेळताना १९४४ आणि १९४५ अशी दोन्ही वर्षं तो एकूण आक्रमणात, म्हणजे धावणं आणि पासिंग मिळून, देशात पहिला होता. १९४५ मध्ये धावण्यातही पहिला, १,०४८ यार्ड. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण तेव्हा तोच खेळाडू आक्रमणही करी आणि बचावही, आणि सामनेही कमी असत. त्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही. अमेरिकेतल्या फुटबॉल प्रशिक्षकांच्या संघटनेनं २०१६ मध्ये, म्हणजे तब्बल सात दशकांनी, त्या संघाला १९४५ चा राष्ट्रीय विजेता म्हणून मान्यता दिली.

जुने विजेतेपद मागाहून देता येतं, तर जुने २२२ यार्ड का देता येऊ नयेत? संस्था वेगळ्या आहेत हे मला माहीत आहे. तरी प्रश्न उरतोच.

खेळाडूनं विद्यापीठ बदललं तर त्याचे आकडे कुठे जातात?

राष्ट्रीय कारकिर्दीत सगळे एकत्र होतात, विद्यापीठाच्या यादीत फक्त तिथे खेळलेले. अ‍ॅलन बोमन टेक्सस टेक, मिशिगन आणि मग ओक्लाहोमा स्टेट अशा तीन ठिकाणी राहिला. त्याच्यासारख्यांचं नाव कुठल्याच विद्यापीठाच्या कारकीर्द-यादीत वर येणं कठीण. २०२१ पासून विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मोकळीक मिळाली आहे, त्यामुळे रुडॉल्फचे १३,६१८ किंवा थॉमसचे ४,५९५ यांसारखे एकाच ठिकाणी चार वर्षं घालवून केलेले आकडे यापुढे आणखी दुर्मीळ होतील. हंगामाचे विक्रम मात्र मोडत राहतील, कारण सामने वाढले आहेत. सँडर्सच्या वेळी नियमित हंगाम ११ सामन्यांचा होता, २००६ पासून तो १२ चा आहे. वर परिषदेचा अंतिम सामना आणि बोल. २०२४ पासून विजेतेपदाच्या बाद फेरीत १२ संघ घेतात, म्हणून शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला त्याहूनही जास्त सामने मिळतात.

आकडे नोंदवतं कोण? नंतर बदलतात का?

यजमान विद्यापीठाची नोंदणाऱ्यांची तुकडी असते. एक जण खेळ बघून मोठ्यानं सांगतो, दुसरा संगणकावर भरतो. सामन्यानंतर चित्रफीत बघून दुरुस्ती होऊ शकते. म्हणून शनिवारी रात्री वाचलेला आकडा सोमवारी दोन-चार यार्डांनी बदललेला दिसला तर त्यात काही काळंबेरं नाही.

एखादा आकडा मला स्वतः पडताळायचा असेल तर?

विद्यापीठ दर हंगामाआधी माध्यमांसाठी पुस्तिका काढतं, तिच्या विक्रमांच्या विभागापासून सुरुवात करा. मग एनसीएएच्या विक्रमपुस्तकाशी ताडून बघा. ही दोन्ही पुस्तकं विद्यापीठाच्या आणि एनसीएएच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. आकडे जुळले नाहीत तर हंगाम २००२ च्या आधीचा आहे का ते पहिलं बघा. असेल तर त्या वर्षीच्या बोल गेमचा तक्ता शोधा आणि त्या खेळाडूचे तेवढे यार्ड वजा करून बघा. बहुतेक वेळा फरक तिथेच सापडतो. बचावपटू असेल तर तारीख २००० ची धरा. आणि खासगी संकेतस्थळांवरचा आकडा उचलताना तिथे जुने बोल गेम मिळवलेत की नाहीत हे तळटीपेत वाचा, कारण याबाबत सगळ्यांची पद्धत सारखी नाही.